खिडकीखालचा उंबरठा

खुट्ट!

जाळीच्या दाराची कडी सरकली आणि दुपारभर निपचित पडलेलं घर दचकून जागं झालं. जाई शाळेतून आली. आधी एक बूट उडाला, मग दुसरा, मग दप्तर धप्पकन जमिनीवर. त्या कडीचा आवाज आला की अजूनही माझ्या अंगावर शहारा येतो. वाटतं, आता पाऊल पडणार, कुणीतरी मला ओलांडून आत येणार. पण पाऊल पडतं तिकडे, दारात. आणि मी असतो इकडे, खिडकीखाली.

मित्रांनो, मी उंबरठा आहे. जुना म्हणालात तरी चालेल, खोटं नाही ते. मधोमध झिजून माझी होडीसारखी खळगी झाली आहे, आणि अंगावरच्या पितळी फुलांपैकी एक कुठेतरी गळून गेलं आहे. उंबरठा, आणि खिडकीखाली? चूल माळ्यावर ठेवल्यासारखंच झालं की हे! तुम्हाला हसू येत असेल तर हसा, पण मग थोडं बसा. मी इथे कसा आलो ते सांगतो.

माझा जन्म पुण्यात, भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात झाला. सागवानाच्या एका ओंडक्यातून लोकांनी आपापल्या दारांच्या चौकटी काढून नेल्या आणि मी उरलो. बिबवेवाडीत तेव्हा 'मैत्रबन' नावाची एक सोसायटी नुकतीच उभी राहिली होती. बिल्डरने दारांना तीनच बाजूंच्या चौकटी दिल्या, खालची बाजू खाऊन टाकली. संजीवनीबाई तेव्हा नवी नवरी होत्या. त्या म्हणाल्या, "दाराला उंबरठा नाही? मग घर कुठे सुरू झालं हे कळायचं कसं?" नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी सुतार गाठला. सुताराने माझ्यावर रंधा फिरवला, पटाशीने कडेला वेल कोरला, पितळी फुलं ठोकली आणि मला दारात बसवलं. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. मैत्रबनमध्ये कुणी बाल्कनी बंद करून खोली केली, कुणी जिन्याखाली सायकलींना घर दिलं. ज्याच्या मनात जे आलं ते त्याने केलं.

आणि मी कामाला लागलो. काम म्हणजे काय, तर न हलता पडून राहायचं. तुम्हाला सोपं वाटेल. पण रोज सकाळी माझ्यावर हळदकुंकवाची बोटं उठत. माझ्या पुढ्यात रांगोळी पडे. मला मुद्दाम कुणी तुडवत नसे, सगळे ओलांडत; चुकून टेकलेल्या टाचांनीच काय ती खळगी पाडली. संजीवनीबाईंची लेक अनुया रांगत रांगत पहिल्यांदा माझ्यावर पोट टेकवून पलीकडे गेली तेव्हा सगळ्या जिन्याला शिरा वाटला गेला. शिरा तिच्या नावाचा होता, पण कौतुक थोडं माझंही होतं ना! पुढे ती शाळेत जाताना मला एका उडीत ओलांडायची. तिचे बाबा एकदा कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन मला ओलांडून गेले ते परत आले नाहीत. आणि एके दिवशी अनुया हिरवा चुडा भरून बाहेर पडली. तिने खाली वाकून मला हात लावला होता. तो हात मला अजून आठवतो. गार होता.

मग घरात राहिल्या एकट्या संजीवनीबाई. उजवा पाय आधी, मग डावा. वर्षानुवर्षं हीच चाल. डोळे मिटूनही मी ती ओळखेन.

मैत्रबन पाडून तिथे उंच टॉवर होणार असं ठरलं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. संजीवनीबाईंनीही वाटले. मग त्या बिल्डरच्या ऑफिसात गेल्या आणि विचारून आल्या. तिथल्या मुलाने हसून सांगितलं म्हणे, "आजी, नव्या फ्लॅटला उंबरठा नाही. सलग टाइल. आता कुणी लावत नाही." घर रिकामं करायच्या दिवशी मात्र संजीवनीबाईंनी एका माणसाला बोलावून मला काढायला लावलं. त्याने माझ्या पोटाखाली पहार घातली. कर्र्र असा आवाज झाला. मित्रांनो, लाकडालाही आतून आवाज असतो. संजीवनीबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मी निघेपर्यंत ते काढले नाहीत.

त्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या. पुतण्या निहार जवळच राहत होता म्हणून ते घर. मी त्यांच्या पलंगाखाली. ज्याने कधी अंधार पाहिला नाही, दिवसाउजेडी दारात पडून ज्याने सगळ्या जगाची पावलं मोजली, तो मी बॅगांच्या मागे धूळ खात पडलो. पुढे लग्नानंतर सिंगापूरला राहायला गेलेली अनुया पुण्याला आली. पलंगाखालून बॅग ओढताना मीच आधी बाहेर आलो.

"आई, हा इथे?"

"मग कुठे ठेवू? डोक्यावर?"

"मी नेते याला. आमचं नवीन घर लागतंय ना. दारात बसवते. तू येशील तेव्हा तुझाच उंबरठा ओलांडून आत येशील."

संजीवनीबाईंनी सोलापुरी चादर काढली आणि मला तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं. मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आता पुन्हा एकदा दार मिळालं की त्या उजव्या पावलासाठी थांबायचं. बाकी काही नको.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एका अधिकाऱ्याने माझी चादर सोडली. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, पितळी फुलांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, व्हॉट इज धिस?"

"दाराचा... म्हणजे, डोअरचा खालचा पार्ट," अनुया गडबडली.

"देन वेअर इज द डोअर?"

"डोअर इज इन यिशुन."

तो इतका हसला की त्याने चादर स्वतःच नीट गुंडाळून दिली.

सिंगापूरच्या यिशुन भागातलं ते घर नवीन म्हणजे त्यांना नवीन. इमारत जुनीच होती. लांब कॉरिडॉर, त्यात एकापुढे एक दारं, आणि प्रत्येक दाराला बाहेरून जाळी. अनुया आणि तिचा नवरा विक्रांत यांना पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळून काही वर्षं झाली होती आणि आता हा फ्लॅट त्यांच्या नावावर झाला होता. आत सगळं उस्कटून नव्याने करायचं होतं. मला भिंतीला टेकवून उभं केलं होतं, म्हणून पुढचा सगळा तमाशा मी पाहिला.

मित्रांनो, मैत्रबनची सवय असलेला मी तर चक्रावूनच गेलो. इथे एक खिळा ठोकायचा तरी आधी विचार! काम करणारे ठेकेदार मिस्टर ओंग रोज यायचे, हातात कॉफीने भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात खोचलेली नळी; इथे कॉफी अशीच नेतात. अनुया भिंत दाखवायची.

"ही पाडू?"

"कॅन."

"आणि ही?"

"कॅनॉट. धिस वन होल्ड द होल बिल्डिंग. यू ब्रेक, एव्हरीबडी कम डाऊन टु सी यू."

स्वयंपाकघराच्या भिंतीला परवाना. न्हाणीघराच्या लाद्यांना परवाना. खिडकी बदलायची तर ते काम ठरावीक माणसांनीच करायचं. ड्रिलचा आवाज कुठल्या वेळात, हेही ठरलेलं. शेजाऱ्यांना कळावं म्हणून लिफ्टपाशी कागद लावायचा. घरात दिवसभर एकच शब्द घुमायचा, परमिट. त्यांची लेक जाई तेव्हा सहा वर्षांची. तिने त्याचा खेळच केला. टाइल्सच्या खोक्यावर बसायची, हातात शाळेतला फुलाचा शिक्का. स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यापुढे हात पुढे करायचा.

"परमिट?"

"अगं, पाणी प्यायला जातेय."

"वॉटर आल्सो नीड परमिट, आई." मग मनगटावर फुलाचा शिक्का. "ओके, अप्रूव्ह्ड लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट, तिने शाळेतून आणलेलं.

सगळ्या गोष्टी विचारून झाल्या. माझीच विचारायची राहिली. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण अनुयाच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "उंबरठ्याला कसली परवानगी?" ती म्हणाली. "तो घराचा असतो. आपण लावत नाही, तो असतोच."

विक्रांत बँकेत हिशेब तपासणारा माणूस. तो म्हणाला, "इथे तो नाहीये ना. म्हणजे आपण लावतोय. म्हणजे विचारायचं."

"उद्या देवापुढे दिवा लावायलाही अर्ज करशील."

"तो तर सगळ्यात आधी. आगीचा विषय आहे."

अनुयाने त्याला हातातलं फडकं फेकून मारलं. पण त्याने इमारतीच्या ऑफिसात विचारलंच. उत्तर आलं ते सभ्य होतं, सरळ होतं, आणि माझ्या काळजात खुपलं. दारातली जमीन फोडायची नाही. चौकटीला भोक पाडायचं नाही. आणि कॉरिडॉर सगळ्यांचा आहे, वाटेत काही अडचण झाली तर सगळ्यांची होते, तेव्हा बाहेरच्या बाजूला केसभरही यायचं नाही. या तिन्ही गोष्टी पाळून काय ठेवायचं ते ठेवा.

पाया नाही, खिळा नाही! मग मी उभा कशाच्या जोरावर राहणार? मिस्टर ओंगनी बराच वेळ मला न्याहाळलं, कॉफी संपवली आणि माझी दोन्ही टोकं रंध्याने थोडी तासली. त्यावर रबराची पट्टी चिकटवली आणि मला चौकटीच्या दोन पायांमध्ये दाबून सरकवलं. मी गच्च बसलो.

"नो नेल, नो स्क्रू," ते म्हणाले. "पुश, गो इन. पुल, कम आउट. लाइक ड्रॉवर."

खणासारखा! मित्रांनो, मला केवढा अपमान वाटला म्हणून सांगू! उंबरठा तो, जो हलत नाही. वादळ येवो, पाहुणे येवोत, तो जागचा हलत नाही. आणि मला कुणीही यावं, ओढावं, काढावं? पण अनुया गुडघे टेकून माझ्यासमोर बसली. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि जराशी रांगोळी घातली. आतल्या बाजूला, कारण बाहेर केसभरही यायचं नाही. तेव्हा माझा रुसवा गेला. तिने फोन लावला आणि तो माझ्याकडे वळवला. पलीकडे संजीवनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या काही महिन्यांत फोनवर दिसत तेव्हा त्या नेहमी त्याच खुर्चीत असत.

"आई, बघ! बसला."

"डावीकडे फट दिसतेय."

"आई!"

"बरं बरं. छान दिसतोय हो. घर दिसतंय आता."

"तुझ्यासाठीच बसवलाय. तू ये लवकर. उजवा पाय टाकून आत ये."

संजीवनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "येईन हो. येतेच."

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. कॉरिडॉरमधली मांजर येऊन माझ्यावर हनुवटी टेकवायची. पोस्टमन, पार्सलवाले, जाईच्या मैत्रिणी, कुणी मला ओलांडायचं, कुणी मला अडखळून "सॉरी" म्हणायचं. एकदा जाई चक्क माझ्यावरच बसून आइस्क्रीम खात होती.

"जाई, ऊठ आधी! उंबरठ्यावर बसू नये," अनुया आतून ओरडली.

"व्हाय?"

"नसतं बसायचं. आजी रागावेल."

शेजारच्या रोहानी आंटी आपल्या दारात कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्या हसायला लागल्या. "जाई, माय मदर आल्सो से! गर्ल सिट अ‍ॅट द डोअर, लेटर नोबडी कम टु मॅरी." मग त्या माझ्याजवळ आल्या, वाकून त्यांनी माझी खळगी पाहिली. लहानपणी जवळच्याच सेम्बावांग भागात त्यांचं लाकडी घर होतं, पायऱ्या चढून जायचं. पायरी अशीच झिजलेली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. ती पायरी आता कुठे असेल, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार.

अनुया रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की दारात यायची आणि कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या लिफ्टकडे बघायची. आईचं तिकीट निघालं होतं. मीही बघायचो. आमचं दोघांचं एकच वाट पाहणं होतं.

मग तो दिवस उजाडला. अनुया आणि विक्रांत विमानतळावर गेले होते. जाई रोहानी आंटींकडे. माझ्यावर ताजं कुंकू होतं, आणि तांदळाने भरलेलं छोटं भांडंही जाईने माझ्यापाशी आणून ठेवलं होतं. नवी नवरी आत येताना ते पायाने लवंडते हे तिने कुठल्या तरी लग्नाच्या व्हिडिओत पाहिलं होतं. आजीलाही तसंच हवं असा तिचा हट्ट.

लिफ्ट उघडली. मी कान देऊन होतो. उजवा, मग डावा. पण ऐकू आलं ते वेगळंच. टप्. मग काहीतरी घासल्याचा आवाज. मग पुन्हा टप्. रबरी पायांचा वॉकर होता तो. त्यामागे, दोन्ही हातांनी तो घट्ट धरून, माझ्या संजीवनीबाई.

भाड्याच्या घरात, न्हाणीघराच्या ओल्या लादीवर त्या पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. निहारला त्यांनी शपथ घातली होती की अनुयाला कळवायचं नाही. ती सगळं टाकून धावत येईल म्हणून. अनुयाला हे विमानतळावर कळलं. तिचे डोळे सुजले होते.

विक्रांतने पुढे होऊन दार उघडलं आणि वॉकर माझ्यापाशी येऊन थांबला. संजीवनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"अगदी आपल्या घरासारखा दिसतोय गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला. तो चार बोटंसुद्धा वर आला नाही. चेहऱ्यावर कळ उमटली. अनुयाने घाईने त्यांचा दंड धरला. "आई, नको! डॉक्टरांनी पाय वर उचलायला मना केलंय ना?"

विक्रांत पुढे झाला. "आई, मी उचलून घेतो तुम्हाला. दोन सेकंदांचं काम."

"जावयाने सासूला उचलायचं?" संजीवनीबाईंचा आवाज एकदम जुन्यासारखा खणखणीत झाला. "सगळी चाळ बघतेय इथे! मी काय नवी नवरी आहे उचलून आणायला? आणा ते स्टूल, मी बसते बाहेर."

"मग हा काढूया," अनुया म्हणाली. "उंबरठा. एका मिनिटात निघतो."

"काही काढायचा नाही!"

रोहानी आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, तिथेच थबकल्या.

"घर मोडतात तेव्हा उंबरठा निघतो, अनुया," संजीवनीबाई म्हणाल्या. "मी पाहिलाय निघताना. मी उभी होते. माझ्यापायी लेकीच्या दाराचा उंबरठा उखडायचा नाही. मला नाही यायचं आत."

रोहानी आंटींनी आतून स्टूल आणलं. माझ्या संजीवनीबाई, ज्यांच्या पावलासाठी मी समुद्र ओलांडून आलो, त्या माझ्यापासून हातभर अंतरावर कॉरिडॉरमध्ये बसल्या. आणि त्यांना अडवून ठेवणारा मी होतो. मित्रांनो, ज्याची जन्मभर वाट पाहिली त्याच्याच वाटेत आपण आडवे पडलो आहोत हे कळणं फार वाईट. मला ओरडून सांगावंसं वाटलं, काढा मला, फेकून द्या! पण लाकडाला तोंड नसतं. अनुया मला ओलांडून आतल्या बाजूला जाऊन उभी, तिची आई बाहेरच्या बाजूला. दोघीही रडत नव्हत्या, म्हणून जास्त अवघड होतं.

तेवढ्यात जाई आंटींच्या घरातून धावत आली. हातात फुलाचा शिक्का. ती आजीसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"आजी, परमिट?"

"कसलं गं बाई?"

"इन जायचं परमिट. मीच देते. आई आल्सो माझ्याकडून घेते."

संजीवनीबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "तुझ्या या उंबरठ्यामुळे मला आत येता येत नाहीये, साहेब. तो काढला तर घर मोडतं."

जाई माझ्याकडे वळली. तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि जरासं हलवलं. मी सरकलो. ती म्हणाली, "नो लाह, आजी. कुणी तोडत नाही. ड्रॉवर आहे तो. पुल, कम आउट. पुश, गो इन. परत लावता येतो. ऑफिसने तसंच सांगितलंय."

संजीवनीबाईंनी अनुयाकडे पाहिलं. "खरंच? पहार नाही लागत?"

"नाही गं आई. खिळासुद्धा नाही मारलेला. मारू दिलाच नाही त्यांनी."

संजीवनीबाई खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जाईपुढे हात धरला. जाईने मनगटावर शिक्का उमटवला. आणि त्याच हाताची दोन बोटं, स्टुलावरून कष्टाने वाकून, त्यांनी माझ्यावर टेकवली. "ऊठ रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "जरा वाट दे. इतकी वर्षं धरून बसलास."

जाईने तांदळाचं भांडं बाजूला ठेवलं, मग अनुयाने आणि तिने मला ओढलं. कर्र्र झालं नाही. कसलाच आवाज झाला नाही. ज्या गोष्टीचा मला अपमान वाटला होता तिनेच त्या दिवशी माझी लाज राखली. मला भिंतीला टेकवलं आणि मी तिथून पाहिलं. टप्. वॉकर आत. मग संजीवनीबाईंनी उजवं पाऊल उचललं. जमिनीपासून दोन बोटं, कळ सोसून, उगाचच. तिथे काहीच नव्हतं. पण त्यांनी मला ओलांडलं.

त्या राहिल्या तोवर मी या खिडकीखाली होतो. दारात त्यांची ये-जा असे; कॉरिडॉरमध्ये चालायचा व्यायाम असे. दुपारी त्या खिडकीपाशी खुर्चीत बसत आणि पाय माझ्यावर टेकवत. अनुया ओरडायची, "आई, पाय!" तर म्हणायच्या, "असू दे गं. आयुष्यभर याला ओलांडण्यात गेलं. आता दोघंही म्हातारे." मग त्या माझ्या खळगीत तेल जिरवत. बाहेर हिरवी झाडं, त्यापलीकडे दुसऱ्या इमारतींच्या खिडक्या, खिडक्यांत बांबूंवर वाळणारे कपडे. पुण्यातल्या टॉवरचा कितवा मजला झाला ते निहार फोनवर सांगे. त्या ऐकून घेत आणि पुन्हा बाहेर बघत.

पाहुणी म्हणून मिळालेल्या पासची मुदत संपली. त्या गेल्या. जाताना पुन्हा दोन बोटं उचलून पाऊल टाकलं, या वेळी बाहेर.

दुसऱ्या दिवशी विक्रांत म्हणाला, "आता बसवूया ना याला जागेवर?" अनुयाने मला उचललं. दारापर्यंत नेलं. चौकटीच्या दोन पायांमध्ये मला धरून ती बराच वेळ उभी राहिली. एक ढकल, आणि मी पुन्हा उंबरठा झालो असतो. मग तिने मला परत आणलं आणि इथे ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "आई येईल तेव्हा पुन्हा काढावा लागेल. दार उघडं असू दे तिला."

पुण्याहून इथपर्यंतचा प्रवास त्या पायांना पुन्हा झेपेल का, हे त्या घरात कुणीच मोठ्याने विचारत नाही.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. नवीन घर बांधाल, तेव्हा कुणाकुणाला विचारायचं ते जरूर विचारा. सगळ्यांच्या वाटेचा नियम चांगलाच असतो. पण घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूलाही विचारा की बाई, तुझी जागा कुठे? तिला पुसा, तेल लावा, पलंगाखाली ढकलू नका. आणि जपाल तेव्हा इतकी घट्टही जपू नका की आपलं माणूस दारात आल्यावर ती सरकायलाच तयार होऊ नये. मला दाराची ओढ आहे, ती जाणार नाही. पण आता मला कळतं की मी कुणासाठी दारात होतो.

आज संध्याकाळी अनुयाने दिवा लावला आणि सवयीने कुंकवाची कुयरी घेऊन माझ्यापाशी आली. गुडघे टेकून तिने मला बोटं लावली. मग तिची नजर उठली आणि दाराकडे गेली. तिथे नुसती सलग लादी होती, तिच्यावर कॉरिडॉरमधला उजेड पडला होता. जाई शेजारी येऊन उकिडवी बसली. माझ्यावर नाही, माझ्या कडेला. आता तिच्या लक्षात असतं.

"आई, उंबरठ्याच्या एका साइडला घर असतं ना? आणि दुसऱ्या साइडला बाहेर?"

"हो."

जाईने माझ्या एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या. एका बाजूला खिडकी, खिडकीत अंधारत चाललेलं यिशुन. दुसऱ्या बाजूला सोफा, तिचं दप्तर, दिवा.

"मग आता उंबरठा इथे आहे, तर आपण आत आहोत की बाहेर?"